पुतळी दाखवायला आणताय? घासू नका

दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या सांगलीच्या पेढीवर रोज कुणीतरी आजीच्या माळेतली पुतळी, म्हणजे सोन्याचं जुनं नाणं, घेऊन येतं आणि विचारतं, "यावर रामसीता आहेत ना?"

नाहीत. माळ आपली, पण नाणं व्हेनिसचं. उभा आहे तो संत मार्क, त्या शहराचा रक्षणकर्ता. त्याच्या हातून निशाण घेत गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, म्हणजे डोज. नाण्याच्या मागच्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. १२८४ पासून १७९७ पर्यंत चित्र जवळपास हेच राहिलं. बदलत गेलं ते डोजचं नाव. वजन सुमारे ३.५ ग्रॅम आणि सोनं शंभर नंबरी, त्यामुळे व्यापारातून आलेलं हे नाणं इथे डोळे झाकून चालायचं. पुढे आपल्याकडेही त्याच्या नकला पडू लागल्या. नकलेत अक्षरांच्या नुसत्या रेघा होतात आणि माणसं काड्यांसारखी दिसतात. देवघरात खुशाल पुजा, आमच्याही घरी पुजतात.

फक्त घासून आणू नका. लक्ष्मीपूजनाचं कुंकू खाचांत बसतं आणि ते काढायला चिंच, रिठा, टूथब्रश निघतो. एका ताईंनी तर रांगोळीने घासली होती. शुद्ध सोनं मऊ. कडेची अक्षरं आधी जातात आणि त्यांतच डोजचं नाव असतं. ते गेलं की पुतळी कोणत्या काळातली हे सांगायला आमच्या हाती काही उरत नाही, मग ती निव्वळ वजनावर जाते. कुंकू राहू द्या, आम्ही कोमट पाण्यात भिजवून काढतो.

फोटोवरून भाव सांगत नाही म्हणून काहीजण रागावतात. फोटोत वजन कळत नाही, कडही दिसत नाही. तुमच्यासमोर तोलून, भिंगाखाली बघतो, त्याचे पैसे घेत नाही. पाऊण तास लागतो, तेव्हा लग्नसराईतला शनिवार टाळून मंगळवारी दुपारी या.

बिनकडीच्या जुन्या पुतळीला झाळून, म्हणजे तापवून डाग देऊन, कडी लावून देणार नाही. झाळ न लावता तिच्यासाठी चौकट करून देतो. रोज घालायला २२ कॅरेटमध्ये नव्या पुतळ्यांची माळही घडवतो; जुनी डबीत राहते.

आणि होन या सोन्याच्या नाण्याबद्दल. शिवरायांच्या होनावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', एवढीच अक्षरं असतात. महाराजांची छबी असलेला 'जुना' होन कुणी दाखवला, तर पैसे मोजण्याआधी आमच्याकडे एक चक्कर टाका.