सेरेवी भारतात आला कसा? थोडी पार्श्वभूमी

जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली आणि तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या क्रिकेट एके क्रिकेटवाल्या पब्लिकलाही एकदम रग्बीत इंटरेस्ट आलाय. कट्ट्यावर दोन प्रश्न हमखास येतात. एक, बॉल पुढे का नाही फेकत, आणि दोन, भारताचा कोच फिजीचा कसा काय. पहिल्याचं उत्तर सोपंय, नियमच तसाय, हाताने पास द्यायचा तो मागेच, पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन पळा नाहीतर लाथ मारा. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

माणसाचं नाव वायसाले सेरेवी, जन्म 1968 चा. सेव्हन्स रग्बीत सर्वांत भारी खेळाडू कोण असं कुठल्याही देशातल्या जुन्या रग्बीवाल्याला विचारा, बहुतेक वेळा हेच नाव येईल. सेव्हन्स म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीचंच अख्खं मैदान, 100 मीटर लांब आणि जवळपास 70 मीटर रुंद, पण माणसं एका बाजूला फक्त सात आणि हाफ सात मिनिटांचा. हा प्रकार 1883 मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावात निघाला, क्लबला पैसे कमी पडत होते म्हणून नेड हेग नावाच्या तिथल्या खाटकाने आयडिया काढली की कमी माणसांच्या छोट्या छोट्या मॅचेस घेऊ. आता सात माणसांत एवढं मैदान झाकायचं म्हणजे जागाच जागा, ताकदीपेक्षा फसवाफसवीला जास्त भाव, आणि इथेच सेरेवी सगळ्यांचा बाप.

तो अंगाने लहानसाच. पण कबड्डीत आपल्याकडे चांगला चढाईवाला जशी हूल देतो ना, म्हणजे कंबर एकीकडे आणि पाय भलतीकडे, तसं तो फुल स्पीडला पळताना करायचा. मधेच वेग तोडायचा, समोरचा गडी क्षणभर थबकला की हा सुटला, किंवा मान एकीकडे वळवून बॉल दुसरीकडे पाठीमागून सरकवला. जुने व्हिडिओ बघा, टॅकल करणारा, म्हणजे धरून पाडायला आलेला गडी, पडतो तो बहुतेक वेळा हवेलाच मिठी मारून. फिजीने हाँगकाँग सेव्हन्स ही स्पर्धा 1990, 91, 92 अशी सलग तीनदा मारली त्या टीमचा हा जीव. मग 1997 मध्ये सेव्हन्सचा वर्ल्डकप, तोही हाँगकाँगलाच, फायनलला साउथ आफ्रिका आणि स्कोअर 24-21. आणि पुढचं तर मला आजही खरं वाटत नाही, 2005 ला परत हाँगकाँग, परत वर्ल्डकप, फायनलमध्ये न्यूझीलंडला 29-19 ने हरवलं तेव्हा हा गडी छत्तिशीत होता. सेव्हन्समध्ये तिशी गाठली की लोक घरी बसवतात.

पंधराच्या रग्बीत मात्र एवढी जादू चालली नाही. तो 1991, 1999 आणि 2003 असे तीन वर्ल्डकप खेळला, इंग्लंडात लेस्टर टायगर्सकडून खेळला, मग फ्रान्समध्ये मों-द-मार्साँला गेला. लेस्टरला थंडीत, चिखलात, पुढच्या आठ धिप्पाड गड्यांनी ढकलाढकली करून इंच इंच जमीन मिळवायची असा खेळ, त्यात याला मोकळी जागा मिळणार कुठून. हे लक्षात ठेवा, कारण कोच म्हणून पुढे जे झालं त्याच्याशी याचा संबंध आहे असं मला वाटतं.

वर्ल्ड सेव्हन्स सिरीज, म्हणजे देशोदेशी फिरत होणारी दरवर्षीची स्पर्धामालिका, 1999-2000 ला सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा वर्षं न्यूझीलंडने जिंकली. गॉर्डन टीटजेन्स नावाचा त्यांचा कोच, पोरांना पळवून पळवून पार ओकायला लावणारा. ती मक्तेदारी 2005-06 ला फिजीने मोडली आणि त्या वर्षी सेरेवी खेळाडूही होता आणि कोचही. म्हणजे प्लॅन यानेच करायचा, टीम यानेच निवडायची, आणि अडकलं की स्वतःच मैदानात उतरून सोडवायचं. आता तुम्हीच सांगा, हे कोचिंग म्हणायचं का? माझ्या मते अर्धंच. खरी परीक्षा बूट काढून ठेवल्यावर असते, जेव्हा शेवटच्या मिनिटाला पोरगं चुकीच्या बाजूला पळतं आणि तुम्ही बाकावर बसून नुसते हात चोळता. नंतरच्या वर्षांत फिजीचं कोचपद त्याच्या हातून गेलं, आणि खेळाडू म्हणून जो दबदबा होता तसा कोच म्हणून घरच्या मैदानावर काही झाला नाही. मग तो अमेरिकेत गेला, सिएटलला बस्तान बसवलं, तिथे रग्बी शिकवणारी कंपनीच काढली, शाळाकॉलेजांतल्या पोरांची शिबिरं वगैरे. 2013 मध्ये रग्बीच्या जागतिक संस्थेने हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

गंमत अशी की फिजीला त्यांच्या इतिहासातलं पहिलंवहिलं ऑलिम्पिक मेडल, तेही थेट गोल्ड, मिळवून दिलं ते दुसऱ्याच माणसाने. बेन रायन, चष्मेवाला, लाल केसांचा इंग्रज, खेळाडू म्हणून कुणाच्या लक्षातही नाही. 2013 ला तो फिजीला गेला तेव्हा तिथल्या रग्बी युनियनकडे पैसे नव्हते आणि सुरुवातीचे महिने त्याला पगारच मिळाला नाही. 2016 ला रिओत फायनलला ग्रेट ब्रिटनला 43-7 ने धुतलं. फिजी सरकारने त्या आनंदात चक्क सात डॉलरची नोट काढली, एका बाजूला कॅप्टन ओसेआ कोलिनिसाऊ आणि दुसऱ्या बाजूला हा रायन. मग टोकियोत परत गोल्ड, कोच गॅरेथ बेबर, तोही बाहेरचाच, वेल्सचा. 2024 ला पॅरिसमध्ये मात्र तोच नोटेवरचा कोलिनिसाऊ कोच होता आणि फायनल फ्रान्सकडे गेली, 28-7. यावरून खेळाडूचा कोच होत नाही असा सरळ निष्कर्ष काढू नका, कारण 2022 चा सेव्हन्स वर्ल्डकप फिजीला जिंकून देणारा बेन गॉलिंग्ज हा इंग्लंडचा खेळाडूच, वर्ल्ड सिरीजमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचेच. एवढंच दिसतं की जे तुम्हाला न शिकता येत होतं ते दुसऱ्याला शिकवणं सगळ्यात अवघड. रायनला फिजीच्या पोरांना हूल शिकवावी लागली नाही, त्याने खाणंपिणं, फिटनेस, झोप यांना शिस्त लावली. सेरेवीला हूल येत होती, पण तिथे ती गल्लीतल्या प्रत्येक पोराला येते. गावागावात प्लास्टिकची बाटली नाहीतर चिंध्यांचा गोळा घेऊन संध्याकाळी हेच चालू असतं. तिथे त्याचं ज्ञान म्हणजे काशीत गंगाजल विकण्यासारखं.

भारतात नेमकं उलटं आहे. आणि म्हणूनच हा माणूस इथे जास्त कामाचा असं माझं ठाम मत.

आपल्याकडे रग्बी काही नवीन नाही बरं का. कोलकात्यात 1872 च्या ख्रिसमसला मॅच झाल्याची नोंद आहे, तिथला कलकत्ता फुटबॉल क्लब पुढे बंद पडला तेव्हा बँकेतले उरलेले चांदीचे रुपये वितळवून कप बनवला आणि इंग्लंडला पाठवला, तोच कलकत्ता कप, इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजही त्याच्यासाठी भांडतात. त्याच 1879 मध्ये कोलकात्याहून निघालेलं लिओनिडास जहाज गिरमिटिया मजुरांची पहिली खेप घेऊन फिजीला पोचलं. कप एकीकडे गेला, माणसं दुसरीकडे गेली. फिजीत त्या मजुरांच्या वंशजांनी जास्त करून फुटबॉल धरला आणि रग्बी राहिली मूळ फिजीयन लोकांकडे, त्यामुळे फिजीचा रग्बीवाला भारतात येऊन शिकवतोय यात इतिहासाचा एक फेरा आहेच.

इथे मात्र खेळ जिमखान्यांत आणि आर्मीत अडकून राहिला. भारताची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच व्हायला 1998 उजाडलं, सिंगापूरला, त्या टीममध्ये अभिनेता राहुल बोस होता जो नंतर भारताच्या रग्बी फेडरेशनचा अध्यक्ष झाला.  2009 मध्ये भारताची पहिली महिला टीम उभी राहिली आणि त्यात पुण्याची वाहबिझ भरुचा होती, वय सोळाच्या आसपास. ती पुढे भारताची कॅप्टन झाली. नेहा पारदेशीही पुण्याचीच, तीही कॅप्टन. 2019 मध्ये मुलींनी सिंगापूरला 21-19 ने हरवून पंधराच्या रग्बीतली भारताची पहिली महिला मॅच जिंकली. पुण्यात आजही रग्बीचं नाव निघतं ते मुलींमुळे, मुलांमुळे नाही, हे स्पष्ट सांगायला पाहिजे.

आता प्रॉब्लेम काय, तर आपल्याकडे खेळाडू येतात कबड्डीतून, ॲथलेटिक्समधून, हँडबॉलमधून. रग्बीचा बॉल हातात पहिल्यांदा येतो तो कॉलेजला. टॅकल लगेच जमतं, कारण पकड करायची सवय असते, खांदा घालायची भीती नसते, पळायलाही जोरदार. पण दोन्ही हातांनी बॉल धरून, पळता पळता, अंगाला टोले खात मागच्याला पास द्यायचा म्हटलं की गडबड. संध्याकाळी ग्राउंडवर नवीन पोरांची प्रॅक्टिस कधी बघा, जोपर्यंत समोर कोणी नाही तोपर्यंत पास झकास, आणि एक जण अंगावर धावून आला की बॉल छातीशी कवटाळून सरळ त्याच्यातच घुसतात. शेजारी आपला गडी मोकळा उभा राहून बोंबलत असतो. याला फिटनेसवाला कोच नाही पुरत. समोरचा अंगावर येईपर्यंत थांब, त्याला तुझ्याकडे खेच, मग सोड, हे सांगणारा आणि करून दाखवणारा माणूस लागतो, आणि सेरेवीने आयुष्यभर तेच केलंय.

महिला टीमला त्याच्या आधी साउथ आफ्रिकेचा लुडविक व्हॅन डेव्हेंटर होता, त्याच्या वेळी 2022 ला जकार्तात आशिया सेव्हन्स ट्रॉफीत सिल्व्हर आलं होतं. ही ट्रॉफी म्हणजे आशियातली दुसऱ्या फळीची स्पर्धा, जपान, चीन, हाँगकाँग वरच्या गटात. सेरेवी आल्यावर 2024 ला काठमांडूत याच ट्रॉफीत मुली परत फायनलला गेल्या आणि फिलिपिन्सकडून 5-7 ने हरल्या, म्हणजे एका कन्व्हर्जनचा (बॉल रेषेपलीकडे टेकवल्यावर मिळणाऱ्या दोन पॉइंटांच्या किकचा) फरक. मग ऑगस्ट 2025 ला बिहारमध्ये राजगीरला वीस वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींना ब्रॉन्झ, उझबेकिस्तानला 12-5 ने हरवून. राजगीरच्या मेडलचं क्रेडिट एकट्या त्याला देणं बरोबर नाही, बिहार, ओडिशा, महाराष्ट्रात शाळेच्या पातळीवर कोच लोक कितीतरी वर्षं राबतायत. पुरुषांचं गाडं अजून बऱ्यापैकी मागे आहे.

तेव्हा कट्ट्यावर जो विचारेल की एवढा मोठा माणूस आणला तर मेडल कुठंय, त्याला सांगा की आत्ता मेडल नका मोजू. पुढची मॅच लागली की एवढंच बघा, आपला खेळाडू टॅकल होताना बॉल जिवंत ठेवून मागे सोडतोय का, की अजून कवटाळूनच खाली पडतोय.