चार जीबी बसवली, सव्वातीन दिसली

२००८-०९ च्या सुमाराला मुंबईत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, एक भांडण ठरलेलं असायचं. गिऱ्हाईक आदल्या दिवशी रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीच्या, दोन-दोन जीबीच्या दोन स्टिक घेऊन गेलेलं, आज तणतणत परत आलेलं. घरी जाऊन त्याने माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलेली असे आणि तिथे दिसलेलं असे ३.२५ जीबी. ‘बाकीची पाऊण कुठे गेली?’ दुकानदार त्याच स्टिक स्वतःच्या मशिनमध्ये लावून दाखवी, तिथेही तोच आकडा. मग काही ठिकाणी पावती फाडतानाच पोरं सांगून मोकळी होऊ लागली, ‘साहेब, चार टाकलीत तरी तीनच धरा, नंतर बोलायचं नाही.’ (पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे. रॅम घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी ते मी अजून ऐकलेलं नाही.)

त्याआधीची अडचण वेगळी होती आणि ती निदान डोळ्यांना दिसायची. ३० पिनांची सिम (तेव्हाची रॅमची पट्टी) एका वेळी ८ बिट देई आणि ४८६ प्रोसेसरला ३२ लागत. म्हणून रॅम वाढवायची तर चार-चारच्या हिशेबाने. पुढे ७२ पिनांची आली, तेव्हा ४८६ ला एक पुरू लागली. पण त्यानंतरच्या पेंटियम प्रोसेसरचा डेटा बस, म्हणजे मेमरीशी देवाणघेवाणीचा रस्ता, ६४ बिटांचा, म्हणून त्याला पुन्हा जोडी हवी. १६८ पिनांच्या डिमने (सिमनंतरच्या पट्टीने) हा जाच संपवला. आज आपण जोडी लावतो ती ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन वाटांनी एकदम ये-जा करण्याचा, वेग मिळावा म्हणून. एकच लावली तरी मशिन चालू होतंच. २००० च्या नोव्हेंबरात पेंटियम ४ आला तेव्हा सुरुवातीचं जवळपास वर्षभर त्याच्या बोर्डांवर आरडीरॅम नावाची महागडी रॅमच चाले. तिचा रिकामा स्लॉटही रिकामा ठेवता येत नसे, त्यात चिपविना नुसतं कोरं कार्ड खोचावं लागे. गिऱ्हाइकांनी तिला हात लावला नाही आणि डीडीआर नावाची दुसरी रॅम जिंकली. हे प्रकरण एवढंच.

सव्वातीन जीबीचं प्रकरण मात्र इतक्यात आटपत नाही.

तेव्हा सर्वत्र दिलं जाणारं उत्तर असं : विंडोज ३२ बिटांची, आणि ३२ बिटांत मेमरीतल्या बाइटांचे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, बायॉस (मशिन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) या सगळ्यांना बोलण्यासाठी त्यातलेच पत्ते राखून ठेवावे लागतात आणि ते वरच्या टोकाचे असतात. ५१२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड, वर बाकीच्यांचा वाटा, की पाऊण जीबी गेली. स्टिकमध्ये मेमरी असते, पण तिच्यापर्यंत पोचायला पत्ता उरत नाही. एक जीबीचं कार्ड लावलं की आकडा तीनच्याही खाली यायचा. म्हणजे ग्राफिक्स कार्ड मोठं घेतलं म्हणून रॅम कमी! हे गिऱ्हाइकाला पटवताना दुकानदारांची जी अवस्था व्हायची ती पाहण्यासारखी असे.

उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. १९९५ च्या पेंटियम प्रोपासूनच प्रोसेसरला ३६ बिटांचे पत्ते काढायची सोय मिळाली होती. तिचं नाव पीएई. तिच्या जोरावर ३२ बिटांची ऑपरेटिंग सिस्टिमही ६४ जीबीपर्यंत रॅम हाताळू शकते. लिनक्स ते करत होतं. इतकंच काय, विंडोजच्या त्याच घराण्यातल्या ३२ बिटांच्या महागड्या सर्व्हर आवृत्त्याही ३२ आणि पुढे ६४ जीबीपर्यंत जात होत्या. घरच्या विंडोजला मात्र चारच. २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, तेव्हा तर गंमतच झाली. व्हायरसपासून संरक्षण देणारी एक सोय चालावी म्हणून नव्या प्रोसेसरांवर पीएई आपोआप चालू झाली आणि त्याच वेळी ४ जीबीच्या वरचे पत्ते वापरायला बंदी आली. दार उघडलं आणि उंबऱ्यावर पहारेकरी बसवला.

मायक्रोसॉफ्टचं स्पष्टीकरण ड्रायव्हरांकडे, म्हणजे सुटे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमांकडे, बोट दाखवणारं होतं. साउंड कार्ड, ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी पत्ता ३२ बिटांपेक्षा लांब असू शकतो हे गृहीतच धरलं नव्हतं. वरचा पत्ता मिळाला की ते कोसळत, मशिनलाही घेऊन पडत. सर्व्हरवर मोजकी, तपासलेली हार्डवेअर असते, घरी काय वाटेल ते जोडलेलं असतं. हे कारण खरं होतं, आणि आपल्याकडच्या असेंबल्ड मशिनमध्ये कुठकुठचे सुटे भाग एकत्र नांदत हे पाहिलेला माणूस त्याला हसणार नाही. पण मग एका स्वतंत्र अभ्यासकाने एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या विंडोजचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, उलगडून दाखवलं की ही मर्यादा परवान्याच्या नोंदीतून वाचली जाते. नोंद डावलणारी कर्नलं तयार झाली, काहींनी वापरलीही, आणि पुष्कळांच्या मशिनला आठ जीबी पूर्ण दिसली. माझं मत विचाराल तर भीती खरी होती, पण किंमत गिऱ्हाइकाच्या खिशातून वसूल झाली. ‘चार टाकाल तर वाया जातील’ हे पेटीवर कुणीच छापलं नाही.

२००८ मध्ये व्हिस्टाचा पहिला सर्व्हिस पॅक आला. त्याने काय करावं? वापरता येणारी रॅम दाखवण्याऐवजी बसवलेली रॅम दाखवायला सुरुवात केली. मेमरी तेवढीच, पाटी बदलली. लॅमिंग्टन रोडवरची अर्धी भांडणं मिटली असतील. विंडोज ७ ने कंसात ‘३.२५ वापरण्याजोगी’ असं लिहून ती पुन्हा उकरून काढली.

सरळ ६४ बिटांची विंडोज का टाकली नाही, हा प्रश्न आज सोपा वाटतो. गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांना तो तेव्हा विचारून पाहायला हवा होता. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणारी ही छोटी दुकानं. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी डबी) प्रिंटरच्या पोर्टला अडकवलेलं, स्कॅनर दहा वर्षांचा. ६४ बिटांच्या विंडोजला कर्नलमधले सगळे ड्रायव्हर ६४ बिटांचेच लागतात. जुन्या लॉकचा आणि स्कॅनरचा तसा ड्रायव्हर कुणी लिहिणार नव्हतं. डॉसच्या काळातलं बिलिंग तर तिथे उघडतच नाही. पाऊण जीबीसाठी चालता धंदा कोण बंद पाडेल?

त्यांना धक्का दिला तो फ्लेक्सने. वीस बाय दहा फुटांचा फलक, ७२ डीपीआय, छपाईचे चार रंग, असा हिशेब मांडला तर एकाच थराला सुमारे ६०० एमबी लागतात. त्यावर साहेबांचा फोटो, मागे शिवाजी महाराज, खाली शुभेच्छुकांचे पंधरा कापलेले चेहरे. दहीहंडीच्या आठवड्यात दोन जीबीच्या मशिनवर अशी फाइल सेव्ह करायला टाकून ऑपरेटर वडापाव खाऊन परत येत. शिवाय ३२ बिटांच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारणपणे दोनच जीबी येत, त्यामुळे रॅम वाढवूनही उपयोग नसे. फोटोशॉपची ६४ बिटांची आवृत्ती २००८ मध्ये विंडोजवर आली आणि मग दुकानात दोन मशिनं दिसू लागली. एक लॉक लावलेलं जुनं, पत्रिकांसाठी. एक आठ जीबीचं नवं, फलकांसाठी.

त्यातही फसगत होतीच. त्या वेळचे इंटेलच्या ९४५ चिपसेटचे मदरबोर्ड मुंबईत घरोघरी होते. त्यांना ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर मेमरी सरकवताच येत नसे, त्यामुळे ६४ बिटांची विंडोज टाकूनही आकडा तिथेच. दुसऱ्या काही बोर्डांत ‘मेमरी रीमॅप’ नावाची बायॉसमधली एक ओळ बंद असे, ती चालू केली की चारच्या चार दिसत. हे ज्या मेकॅनिकला ठाऊक, तो त्या गल्लीत देव.

पुढची दहा वर्षं सुखाची गेली. २००७ ची डीडीआर३, मग २०१२ मध्ये मानक ठरलेली डीडीआर४. प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. तरी पिना मोजून येणारे फसत, कारण डीडीआर२ आणि ३ दोन्ही २४० पिनांच्या, डीडीआर४ आणि ५ दोन्ही २८८ च्या. घरच्या घरी बदलायची भीती गेली. पावसाळ्यात मशिन नुसतं बीप देऊ लागलं की स्टिक काढायची, तिच्या सोनेरी टोकांवर शाळेचा खोडरबर फिरवायचा आणि परत दाबायची, हे उपनगरांतल्या आणि परळमधल्या दहावीच्या पोरांनाही जमू लागलं. अंगावरच्या स्टॅटिकने, म्हणजे स्थिर विजेने, चिप जळू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधा असं पुस्तकं सांगतात. मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिकचा त्रास मुळात कमी, घाम गळून स्टिकवर पडण्याचा जास्त.

आता अडतंय ते भावावर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला कागदावर चार जीबी पुरते, प्रत्यक्षात आठही अपुरी पडते. म्हणजे जुनी मशिनं वाढवायची वेळ नेमकी हीच. आणि त्याच वर्षी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी अशी ओढून नेली की काही महिन्यांत भाव दुपटीच्या पुढे गेले. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे या स्टिकमधल्या चिपा, दोन कोरियन आणि एक अमेरिकन अशा तीन कंपन्या बनवतात. त्यांनी कारखाने सर्व्हरच्या महागड्या चिपांकडे वळवले आणि डीडीआर४ आवरती घेतली. त्यामुळे जुनी पिढी स्वस्त व्हायच्याऐवजी मधले काही दिवस नव्या डीडीआर५ पेक्षाही महाग झाली. डिसेंबर २०२५ मध्ये त्या अमेरिकन कंपनीने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या कित्येक असेंबल्ड मशिनमध्ये त्याच ब्रँडच्या स्टिक आहेत.

जुनी रॅम बदलून देताना दुकानदार पूर्वी ड्रॉवरात टाकून द्यायचा, गिऱ्हाईकही मागत नसे. आता काढलेली आठ जीबीची डीडीआर४ स्टिक आधी मागून घ्यावी. आणि भाव फोनवर विचारू नये. ‘तुम्ही या, मग सांगतो,’ एवढंच ऐकायला मिळतं.