तिकीट पुढे देणं आणि तिकीट ब्लॅक करणं

मुंबईत किंवा पुण्यात एखादी मोठी कॉन्सर्ट जाहीर झाली की कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरायला लागतात. एक असा: "भावांनो, आमच्यातला एकजण गळाला. स्टँडिंगचं एक तिकीट आहे, घेतलं त्या भावात देतो." दुसरा असा: "4 तिकिटं अव्हेलेबल, बेस्ट प्राइस, पर्सनलला या." आणि दोन्हींच्या खाली कुणीतरी हटकून टाकतंच, "झालं का ब्लॅक सुरू?"

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हीकडे तिकीट अनोळखी माणसाकडून घ्यायचं, दोन्हीकडे पैसे यूपीआयवर, दोन्हीकडे ना खिडकी ना पावती. मग लोक सोपा नियम लावतात: मूळ किमतीत दिलं तर चांगला माणूस, वर पैसे लावले तर ब्लॅकवाला. मला हा नियम अपुरा वाटतो. भावावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही. निकाल द्यायचा तर तिकीट घेतलं त्या दिवशी त्या माणसाला कार्यक्रमाला जायचं होतं की नाही, हे बघावं लागतं.

ज्यांनी उमा, पद्मा, शाहू टॉकीजसमोर पहिल्या दिवसाच्या रांगा बघितल्या आहेत त्यांना ब्लॅक समजावून सांगायला नको. ब्लॅकवाल्याची पोरं खिडकी उघडायच्या आधीच रांगेत पुढं उभी असायची. तिकिटांचा गठ्ठा त्यांच्या हातात गेला की मागच्यांच्या तोंडावर हाऊसफुल्लचा बोर्ड लागायचा, आणि मग तीच तिकिटं मुठीत घडी घालून त्याच मागच्या लोकांना दीडपट-दुपटीने. त्याला पिक्चर बघायचाच नसायचा. तिकिटांची जी टंचाई होती त्यातला मोठा भाग त्यानंच करून ठेवलेला असायचा. आज रांगेतल्या पोरांच्या जागी दहा-पंधरा खाती, वेगवेगळे मोबाइल नंबर आणि भराभर फॉर्म भरणारं सॉफ्टवेअर आलंय, बाकी धंदा तोच. 22 सप्टेंबर 2024 ला कोल्डप्ले ह्या ब्रिटिश बँडची नवी मुंबईची तिकिटं बुकमायशोवर सुटली तेव्हा एकाला जास्तीत जास्त आठ तिकिटं ही मर्यादा चारवर आणावी लागली होती, ती ह्याच भीतीनं. तरी लोक लाखोंच्या ऑनलाइन रांगेत तासन्‌तास बसून रिकाम्या हातानं उठले, आणि त्याच दिवशी दुसऱ्या संकेतस्थळांवर तीच तिकिटं कितीतरी पटीनं दिसायला लागली.

तिकीट पुढे देणाऱ्याची गोष्ट निराळी. नवी मुंबईत नेरूळच्या ज्या स्टेडियमला आपल्या कोल्हापूरच्याच डी. वाय. पाटलांचं नाव आहे, तिथं पोचायला कोल्हापूरकराला साधारण साडेतीनशे किलोमीटरचा रात्रीचा प्रवास करावा लागतो. पाच जणांचं ठरतं, चार-पाच महिने आधी पैसे भरले जातात, आणि मधल्या काळात एकाची परीक्षा येते, एकीची रजा नामंजूर होते, कुणाच्या घरात लग्न निघतं. मुंबईकर आयत्या वेळी लोकल पकडून जाऊ शकतो. आपल्याकडे कॉन्सर्ट म्हणजे ट्रॅव्हल्सचे स्लीपर, राहायची सोय आणि परत येऊन ऑफिस. त्यामुळे गळती आपल्याकडे जास्त, आणि ह्यांतली बहुतेक तिकिटं परत करता येत नाहीत. आयोजक परत घेत नाही म्हटल्यावर ते तिकीट कुणाला तरी देण्याशिवाय त्या पोरानं करायचं काय?

इथपर्यंत सोपं आहे. भाव काढायला बसलं की भांडणं सुरू होतात.

मूळ किंमत म्हणजे नक्की कोणती, इथूनच सुरुवात. बुकिंगच्या पानावर दिसते ती किंमत वेगळी. त्यावर सुविधा शुल्क, जीएसटी, तिकीट घरपोच येणार असेल तर कुरियरचे पैसे. खात्यातून गेली ती रक्कम ही माझ्या मते मूळ किंमत, आणि ती मागण्यात गैर काही नाही. पण आपल्याकडे एक मासला हमखास भेटतो: "तिकीट साडेचार हजार, आणि माझी ट्रॅव्हल्सची सीट पण तुला घ्यावी लागेल." सीटसुद्धा खरोखर देत असेल, ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून नाव बदलून देत असेल, तर घेणाऱ्याची सोयच झाली. सीट आधीच रद्द केलेली आणि तिचे कापले गेलेले पैसे तिकिटावर चढवत असेल, तर स्वतःच्या बेत फसण्याचा खर्च तो तुमच्याकडून काढतोय. असल्या माणसाला ब्लॅकवाला म्हणणं जास्तीचं होईल. चिंगूस म्हणा.

खरी अडचण फेजची. हल्ली बहुतेक आयोजक तिकिटं टप्प्याटप्प्यानं सोडतात: अर्ली बर्ड, फेज वन, फेज टू. जागा तीच, कार्यक्रम तोच, भाव चढत जातो. समजा एकीनं फेज वनला 3,000 ला तिकीट घेतलं. आज खिडकीवर फेज थ्री चालू आहे, 5,000 ला. ती ग्रुपवर 4,000 मागते. तिला हजाराचा फायदा आणि घेणाऱ्याचेही हजार वाचतात. हे ब्लॅक का? कट्ट्यावर यावर तासभर वाद होऊ शकतो, होतोच. मी तरी ह्याला ब्लॅक म्हणणार नाही, कारण घेणाऱ्यासमोर अधिकृत तिकीट अजून उपलब्ध आहे, त्याची कुणी कोंडी केलेली नाही. उद्या सगळी तिकिटं संपल्यावर तीच 4,000 मागायला लागली तर आकडा तोच राहून व्यवहाराचा रंग बदलतो, कारण आता ती दुसऱ्याच्या नडीचे पैसे मागतेय. ग्रुपवर नातं टिकवायचं असेल तर खात्यातून गेले तेवढेच घ्यावेत, हे माझं मत. पण मग आयोजकानं स्वतः 3,000 चे 5,000 केले त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न ती विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

आयोजकाच्या ह्या भाववाढीवरून परदेशात मोठा गदारोळ झालाय. 31 ऑगस्ट 2024 ला ओएसिस बँडची ब्रिटनमधली तिकिटं सुटली. साधारण दीडशे पौंडांचं उभ्यानं बघायचं तिकीट रांगेत नंबर लागेपर्यंत साडेतीनशेच्या वर गेलेलं लोकांना दिसलं आणि संगणकच मागणी बघून भाव चढवतोय असा आरोप झाला. तिथल्या स्पर्धा नियामकाला क्षणाक्षणाला भाव चढवल्याचा पुरावा सापडला नाही. तिकिटांचे दोन दर आधीच ठरलेले होते, स्वस्तातली संपल्यावर महाग सुटली, आणि रांगेतल्यांना हे कुणी धड सांगितलं नव्हतं. म्हणजे आपल्या फेजचाच प्रकार, पण न सांगता केलेला.

आणखी एक घोटाळा बातम्यांनी केलाय. कोल्डप्लेच्या वेळी मूळ तिकिटं 2,500 पासून 35,000 पर्यंत होती आणि मथळे लाखांचे आले. ते लाख कुणी दिले म्हणून आले नव्हते, कुणीतरी मागितले म्हणून आले होते. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा शेतकऱ्याच्या मनात काय भाव होता हे कुणी लिहून ठेवत नाही. बोली थांबली तो दर. तिकिटांच्या संकेतस्थळावर मात्र फक्त मनातलाच भाव दिसतो. तो बघून आपल्याकडचा साधा, सरळ पोरगाही विचार करायला लागतो, "एवढा भाव चाललाय, मग मी मूळ किमतीत का देऊ?" शिवाय त्या यादीतल्या कित्येकांच्या हातात तिकीटच नसतं. आधी पैसे घ्यायचे, मग कुठून तरी तिकीट मिळवायचं, नाही मिळालं तर हात वर. पुढे देणाऱ्याकडे तिकीट असतंच. ब्लॅकवाल्याकडे असेलच असं नाही, आणि टॉकीजसमोरच्या जुन्या ब्लॅकवाल्याहून आजचा ऑनलाइनवाला वाईट तो इथंच. जुन्याच्या मुठीत निदान कागद तरी असायचा.

कायदा काय म्हणतो? कार्यक्रमाचं तिकीट अमुक किमतीच्या वर विकू नये असा देशभराचा स्वतंत्र कायदा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये मात्र टोळीनं केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांत 'अनधिकृत तिकीटविक्री' नावानिशी आहे. शिक्षा एक ते सात वर्षांची कैद आणि दंड. त्यात गट किंवा टोळी हा भाग महत्त्वाचा. मित्र गळाला म्हणून एक तिकीट देणारा त्या व्याख्येत बसत नाही. कोल्डप्लेनंतर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली होती. ऑनलाइन तिकिटांच्या काळ्या बाजाराला नियम करा, ही मागणी न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये, हे काम कायदेमंडळाचं आहे असं सांगून फेटाळली. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये ईडीनं कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवरून अनेक शहरांत छापे घातले, त्यात इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामवरून बनावट तिकिटं खपवल्याचं पुढं आलं. ही तीन अ‍ॅपं म्हणजे आपले ग्रुप जिथं आहेत तीच.

एक गोष्ट मात्र पुढे देणाऱ्यालाही सुटत नाही. तिकिटाच्या बारीक अक्षरातल्या अटींत पुनर्विक्री चालणार नाही असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. गुन्हा नसला तरी आयोजक गेटवर अडवू शकतो.

ह्यावर उपाय म्हणून झोमॅटोनं 2024 च्या सप्टेंबरअखेर अ‍ॅपमध्येच तिकीट परत विकायची सोय जाहीर केली: जुनं तिकीट रद्द होऊन घेणाऱ्याच्या नावानं नवं निघणार, आणि भाव चालू टप्प्याच्या दुपटीपर्यंत लावता येणार. पहिली अर्धी गोष्ट सोन्यासारखी आहे, बनावट तिकिटाचा प्रश्नच मिटतो. दुपटीची मर्यादा मला पटली नाही. दुप्पट मागायला परवानगी आहे म्हटल्यावर दुप्पट हाच दर होऊन बसतो. ब्रिटन सरकारनं नोव्हेंबर 2025 मध्ये मूळ किमतीच्या वर पुनर्विक्रीवर बंदी आणायचं जाहीर केलं, ते जास्त सरळ वाटतं. घेताना लागलेलं शुल्क धरून जेवढे गेले तेवढेच परत.

आता तुमच्यासमोर मेसेज आलाय आणि तो कुठल्या जातीचा हे ओळखायचंय. मी दोन-चार प्रश्न विचारतो. "दादा, तिकीट कुठल्या फेजचं? बुकिंग तुमच्याच नावावर आहे का? बाकीचे चौघे जाताय ना?" खरा फॅन ह्याची उत्तरं देतोच, वर न विचारलेलं सांगतो: कोण गळालं, का गळालं, आम्ही कुठल्या बाजूला उभे राहणार. त्याला तिकीट विकायचं असतं आणि आपल्याबरोबर कोण येतंय हेही बघायचं असतं. दुसऱ्या जातीचा माणूस "घ्यायचं असेल तर सांगा, दुसरी पार्टी थांबलीय" एवढंच बोलतो. ज्याच्याकडे चार वेगवेगळ्या स्टँडची, दोन वेगवेगळ्या दिवसांची तिकिटं आहेत, त्याचे एवढे मित्र एकदम कसे गळाले हा प्रश्न विचारायला लाजू नका.

तिकिटाचं रूपही बघावं लागतं. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. तोच फोटो दहा जणांना जातो, गेटवर पहिला स्कॅन झालेला आत, उरलेले नऊ बाहेर. अ‍ॅपमधून ट्रान्सफर होत असेल तर तसंच घ्या आणि आपल्या खात्यात दिसल्यावर पैसे सोडा. मनगटाला बांधायचा बँड असेल आणि तो बॉक्स ऑफिसवरून घ्यायचा असेल, तर बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र लागू शकतं, म्हणजे तिकीट देणारा गळालेला असून चालणार नाही, बुकिंग ज्याच्या नावावर आहे तो तुमच्याबरोबर हवा. कागदी तिकीट असेल तर दसरा चौकात चहाच्या गाड्यावर भेटून घ्या. कोल्हापूर एवढं लहान आहे की पलीकडच्या पेठेतला माणूस भेटायला टाळाटाळ करत असेल तर तेवढं उत्तर पुरे. फसलातच तर 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते, दोन दिवस ग्रुपवर शिव्या देत बसलात तर ती संपते.

ज्याला तिकीट मिळालंच नाही आणि जायचंच आहे, त्यानं शेवटच्या आठवड्यापर्यंत दम धरावा. जादा शो जाहीर होतो (कोल्डप्लेचा मुंबईतला तिसरा शो विक्रीच्याच दिवशी जाहीर झाला होता), आयोजक राखून ठेवलेली तिकिटं सोडतात, आणि गळणारे बहुतेक शेवटच्या चार-पाच दिवसांतच गळतात. कार्यक्रम सुरू झाला की न विकलेल्या तिकिटाला रद्दीचाही भाव नसतो, त्यामुळे ज्यानं गठ्ठा धरून ठेवलाय त्याचा भाव जसजशी तारीख जवळ येते तसा बहुधा उतरतो. पुण्याच्या कार्यक्रमाला हा जुगार खेळायला हरकत नाही. नेरूळच्या गेटवर तो खेळायचा तर रात्रीच्या परतीच्या गाडीचं तिकीट आधी काढून ठेवा.