फोर बाय फोर गाडीची बांधणी (पुणे परिसर)

फोर बाय फोर गाडीची बांधणी : चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाडीत चिखल, खडक, ओढे आणि डोंगरवाटा यांच्यासाठी टायर, सस्पेन्शन (स्प्रिंग आणि शॉकची रचना), डिफरेन्शिअल लॉक (डावे-उजवे चाक एकत्र फिरवणारा), विंच (मोटरने दोर गुंडाळून गाडी ओढणारा), स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) इत्यादी भाग निवडून बसवण्याचे काम. पुण्यातील ऑफ-रोडिंग करणारी मंडळी याला नुसते ‘बिल्ड’ म्हणतात. कारखान्यातून निघालेली गाडी सर्वांसाठी बेतलेली असते. बांधणीत ती एका मालकाच्या वाटांसाठी बेतली जाते. म्हणून भागांची निवड दुकानातून सुरू होत नाही, गाडी नेमकी कुठे आणि कशामुळे अडते या प्रश्नापासून सुरू होते.

पुण्याभोवती या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पश्चिमेला मुळशी, ताम्हिणी, वेल्हे, भोर, वरंध या पट्ट्यात जून ते सप्टेंबर तांबडी माती साबणासारखी निसटती होते, ओढे वाटेवरून वाहतात आणि काळ्या पाषाणाच्या धारदार कडा टायरच्या बगला कापतात. पूर्वेला शिरूर, दौंड, इंदापूरकडे काळी माती ओली झाली की चाकाला थरावर थर चिकटत जातात आणि टायरची नक्षी पार बुजते. शिवाय बहुतेकांची हीच गाडी सोमवारी सकाळी सिंहगड रस्त्याच्या कोंडीत उभी असते. हा शेवटचा मुद्दा खरेदीच्या उत्साहात सर्वांत आधी विसरला जातो.

मूळ गाडी : पुण्याच्या वाटांवर दिसणाऱ्या गाड्यांत १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी अजून मानाने चालते. पुढे-मागे अखंड एक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा एकच आस) आणि कमानपाटे असल्याने तिची दुरुस्ती गावातला मिस्त्रीही करू शकतो. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढचा आणि मागचा डिफरेन्शिअल लॉक, तसेच स्नॉर्कल कारखान्यातूनच मिळतो. २०२० च्या महिंद्रा थारमध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणारे) आणि मागे अखंड एक्सल आहे. काही प्रकारांत मागचा लॉक आपोआप लागतो. २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी वजनाला हलकी आहे, तिचे दोन्ही एक्सल अखंड आहेत आणि घसरणारे चाक ती ब्रेकने आवरते. जुनी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट तपासावी : २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांच्या ओढीवरही विकली जाते. नावावरून आणि चेहऱ्यावरून फोर बाय फोर ओळखता येत नाही. दुसरा गिअर-दांडा किंवा बटण, आणि त्यावरची लो रेंज (चाल अगदी संथ करून ओढ वाढवणारा गिअर), प्रत्यक्ष चालवून पाहावी.

टायर : पैसे मोजकेच असतील तर ते इथे घालावेत. जमिनीला टेकणारा गाडीचा एकमेव भाग टायर आहे, आणि पकडच नसेल तर बाकी सगळे सामान नुसते वजन ठरते. ऑल-टेरेन म्हणजे ‘एटी’ टायरची नक्षी मध्यम खोल असते. मड-टेरेन म्हणजे ‘एमटी’ टायरच्या ठोकळ्यांत मोठी मोकळी जागा असते, त्यामुळे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. काळ्या मातीत एमटीला तोड नाही. मात्र तोच टायर पावसात ओल्या डांबरावर किंवा घाटातल्या गुळगुळीत काँक्रीटवर ब्रेक लावताना एटीपेक्षा लांब घसरतो, आवाज करतो आणि लवकर झिजतो. महिन्यातून एक-दोनदा वाट सोडणाऱ्या पुणेकराला भक्कम बगलेचा एटी पुरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एमटी घ्यायचा तर रोजच्या वापराला दुसरी गाडी असावी.

मापाचा हिशेब घरी कागदावर करता येतो. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, बगलेची उंची तिच्या ८० टक्के, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास ६९३ मिलिमीटर येतो. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास सुमारे ७०४ होतो. वाढ दीड टक्का, मीटरला आणि गिअरला जवळजवळ न जाणवणारी. २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास सुमारे ७३४, वाढ सहा टक्क्यांच्या आसपास. मूळ टायरवर मीटर अचूक दाखवत होता असे धरले, तर आता तो ८० दाखवत असताना गाडी ८५ च्या जवळ असते. ब्रेकला जास्त जोर लागतो, लो रेंजमधली रांगती चाल सहा टक्क्यांनी वाढते आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासू शकतो. मिळकत म्हणजे एक्सलखाली २० मिलिमीटर जास्त जागा. या २० मिलिमीटरसाठी काय काय मोजायचे, हे ज्याने त्याने आपल्या वाटांवरून ठरवावे.

फुकटात होणारी सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे हवा कमी करणे. रस्त्यावर ३२ पीएसआय असलेला टायर चिखलात किंवा सुट्या दगडांत १८ ते २० वर आणला की त्याचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि टायर दगडाला अंगाने लपेटून घेतो. यानंतर वेग अगदी कमी ठेवावा, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. दगडांत फुगलेली बगल कापली जाण्याची भीतीही वाढते. डांबरावर परतताना हवा भरावीच लागते, म्हणून प्रेशर गेज आणि थेट बॅटरीला जोडायचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ही यादीतली पहिली दोन सामाने. सिगारेट लायटरच्या खोबणीवर चालणारा छोटा पंप चार मोठे टायर भरताना तापून बंद पडतो.

डिफरेन्शिअल : वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा लांबचे अंतर कापते, ते शक्य व्हावे म्हणून डिफरेन्शिअल असतो. साधा, म्हणजे उघडा डिफरेन्शिअल दोन्ही बाजूंना सारखाच पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. एक चाक हवेत गेले की त्याला फिरवायला लागतो तेवढाच क्षुल्लक पीळ दुसऱ्या, जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. दोन्ही एक्सलवर उघडे डिफरेन्शिअल असलेल्या फोर बाय फोर गाडीची तिरकी दोन चाके, समजा पुढचे डावे आणि मागचे उजवे, हलकी झाली की चारही चाकांची ओढ असूनही ती अडते. वेल्ह्याकडच्या पावसाने खणलेल्या बैलगाडीवाटांवर ही अवस्था नेहमीची आहे.

लॉक दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावतो, त्यामुळे जमिनीवरच्या चाकाला हवा तेवढा पीळ पोचतो. त्याची किंमत वळताना कळते. लॉक लावलेली गाडी सरळ जायला पाहते, पुढच्या एक्सलवर तर स्टिअरिंग जड होते. मोठे टायर आणि लॉक एकत्र आले की सगळा भार हाफ शाफ्ट (डिफरेन्शिअलपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि जॉइंटवर येतो, आणि तुटायचे ते तिथेच तुटते. मागे लॉक असेल तर पुढचा बसवण्याची घाई करू नये. आधी त्याच पैशांत चांगले टायर घ्यावेत. ब्रेकने चाक आवरणाऱ्या गाड्यांत चालकाला सवय बदलावी लागते : चाक घसरताच पाय काढायचा नाही, ॲक्सिलरेटर अलगद धरून ठेवायचा, म्हणजे यंत्रणेला काम करायला वेळ मिळतो. अशा बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरेन्शिअल नसतो, म्हणून कोरड्या डांबरावर चारही चाकांची ओढ लावून वळू नये. शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि ट्रान्सफर केसवर (इंजिनाची ओढ पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

लिफ्ट : दोन इंचांची, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरची लिफ्ट (उंच स्प्रिंग लावून गाडी वर उचलणे) हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत गैरसमज असलेला फेरबदल आहे. अखंड एक्सलच्या गाडीत उंच स्प्रिंगमुळे चॅसी वर जाते, पण एक्सलच्या मधला डिफरेन्शिअलचा गोळा होता तिथेच राहतो. तो उचलतो फक्त मोठा टायर. लिफ्टने पोट आणि साइड सिल (दारांखालची कड) वर जातात आणि चढ-उतारावर बंपर टेकू न देणारे पुढचे-मागचे कोन सुधारतात. वाटेच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा पोटाला लागत असेल तर लिफ्ट उपयोगी. डिफरेन्शिअल लागत असेल तर नाही. लिफ्टसोबत कॅस्टर कोन (पुढच्या चाकांच्या वळणाच्या आसाचा मागे कल) कमी होऊन स्टिअरिंग सैल वाटू लागते, पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्यामुळे) एक्सल किंचित एका बाजूला सरकतो, ब्रेकचे पाइप ताणले जातात आणि प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलपर्यंत ओढ नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन वाढतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या पुढच्या बाजूला सीव्ही जॉइंटचाही (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचाही) कोन वाढतो. म्हणून फक्त चार स्प्रिंग विकत देणाऱ्यापेक्षा हे सगळे दुरुस्त करणारा पूर्ण संच घ्यावा. स्प्रिंगची ताकद गाडीच्या नेहमीच्या ओझ्यावरून ठरते. विंच आणि लोखंडी बंपर नसताना जड स्प्रिंग बसवले तर गाडी उड्या मारते आणि चाके खड्ड्यात पुरती उतरतच नाहीत, म्हणजे पकड उलट घटते.

ओढून काढण्याचे सामान : टायरनंतरचा खर्च इथला. चॅसीला पक्क्या बोल्टने बसवलेले, भारक्षमता ठरलेले हुक पुढे आणि मागे असलेच पाहिजेत. ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेल्या कड्या या कामाच्या नाहीत, आणि टो बॉल तर कधीच नाही. तो तुटला की गोळीसारखा सुटतो आणि माणूस दगावतो. पाऊण इंची बो शॅकलची (दोर आणि हुक जोडणाऱ्या धनुष्याकार कडीची) कामाची भारक्षमता साधारण ४.७५ टन असते, ती त्यावर कोरलेली असते. कोरलेली नसेल तर घेऊ नये. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला जाऊन झटका मवाळ करतो. विंचचा सिंथेटिक दोर जवळजवळ ताणला जात नाही. एकाच्या जागी दुसरा वापरू नये.

विंचची ओढ भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी, हा रूढ नियम. ९,५०० पौंडांचा विंच म्हणजे सुमारे ४,३०० किलो, पण ही ओढ ड्रमवर दोराचा एकच थर असताना मिळते. थर वाढतील तशी ती घटते. स्नॅच ब्लॉक (दोर फिरवून आणणारी कप्पी) लावला की ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा होतो. ओढताना मोटर काहीशे अँपिअर खेचते, तेव्हा इंजिन चालू हवे आणि बॅटरी धडधाकट हवी. तरीही सह्याद्रीच्या उघड्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) विंच बांधायला झाडच नसते. जिथे असते तिथेही रुंद पट्ट्याशिवाय दोर बांधला तर झाडाची साल निघते. म्हणून आपल्याकडे विंचच्या आधी दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या खाचदार पाट्या), फावडे आणि सोबतीला दुसरी गाडी हवी. एकट्याने जाऊ नये.

स्नॉर्कल आणि पाणी : स्नॉर्कल इंजिनाला हवा उंचावरून देतो. पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापासून हे संरक्षण आहे. पण हवेच्या पेटीचे सांधे आणि निचऱ्याची भोके बंद केली नसतील तर स्नॉर्कल शोभेचा उरतो. गाडी पाण्यात किती खोल जाईल हे त्याच्या तोंडाची उंची ठरवत नाही. २०२० च्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. मुसळधार पावसानंतर ओढा गुडघ्याच्या वर आणि जोरात वाहत असेल तर तो ओलांडायचा नसतो, कारण पाणी गाडी उचलते आणि टायर जमीन सोडतात.

पुण्यातला बाजार : बेअरिंग, सील, क्रॉस, जुन्या जीपचे भाग यांसाठी नाना पेठ. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पाने, जॅक, लोखंडी सामान पाहायला जावे. सील, बेअरिंग आणि ब्रेकचे भाग मात्र तिथून घेऊ नयेत. भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात लेझर कटिंग, वाकवणे आणि पावडर कोटिंग करणारी छोटी वर्कशॉप आहेत. पोटाखालची स्किड प्लेट आणि बाजूचे रॉक स्लायडर (दारांखालचे खडकापासूनचे संरक्षक पाइप) इथे उत्तम बनतात. प्लेटला तेल काढायचे भोक आणि चिखल निघायच्या फटी आधीच आखून द्याव्यात, नाहीतर दर सर्व्हिसला पूर्ण प्लेट उतरवावी लागते. ऑस्ट्रेलियन बनावटीचे लॉक आणि सस्पेन्शन आयात होऊन मिळतात, पण पावसाळ्यात एखादा बुश गेला तर तो कधी मिळेल हे आधीच विचारून घ्यावे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा फेरबदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले. पायी चालणाऱ्याला त्यांचा मार जास्त बसतो, आणि हे कारण मनापासून मानावे असे आहे. ताम्हिणीचा काही भाग अभयारण्य आहे. सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी रोपटी चाकाखाली गेली की तिथला पातळ मातीचा थरही जातो, म्हणून असलेली वाट सोडू नये.

पावसानंतर : नव्याने बसवलेल्या प्रत्येक भागाचे बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पाना लावून पुन्हा आवळावेत. तापलेला एक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (एक्सलच्या हवेच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्यासाठी ब्रीदरची नळी उंच नेऊन बांधतात. तरीही ओढे ओलांडून आल्यावर दोन्ही डिफरेन्शिअल आणि ट्रान्सफर केसचे प्लग सैल करून तेल पाहावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्याच आठवड्यात बदलावे.