कुंडीत अळी सापडली? औषध ओतण्याआधी हे वाचा

पावसाळा लागला की आमच्याकडे एकाच धर्तीचे फोन सुरू होतात. "तुमच्या गांडूळखतात अळ्या निघाल्या, आता काय टाकू?" किंवा "गुलाब सुकला, माती उकरली तर पांढरी अळी. मेटारायझियमचा पुडा पाठवून द्या." (मेटारायझियम म्हणजे अळी मारणारी बुरशी.) त्यावर आम्ही आधी विचारतो, "अळी कशी दिसते? चालते कशी? मुळांचा फोटो आहे का?" काहींना ही टाळाटाळ वाटते. पण सेंद्रिय बागेत सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो याच ठिकाणी, अळी न ओळखता हाताला येईल ते ओतण्यात.

कुंडीत सापडणारी प्रत्येक पांढरी, वाकडी अळी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, नसते. ओळखायला एक सोपा उपाय आहे. अळी चमच्याने उचलून जाड कागदावर किंवा फरशीवर ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं पाहा. हुमणी इंग्रजी 'सी'सारखी वळून कुशीवर पडून राहते. तिचं डोकं तपकिरी, ठसठशीत आणि पाय चांगले लांब असतात. दुसरी एक अळी असते ती क्षणभर थांबते, मग उताणी होते आणि पाय वर करून पाठीवर सरपटत निघते. ही फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांची अळी. डोकं लहान, पाय आखूड. ती कुजलेला पालापाचोळा खाते आणि तिची लेंडी खतासारखीच उपयोगी पडते. तिला मारू नका, कंपोस्टच्या डब्यात सोडा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात चपट्या, करड्या, वळ्यावळ्यांच्या अळ्या दिसतात त्या सोल्जर माशीच्या. त्या जिवंत मुळांना तोंड लावत नाहीत.

अंगठ्याएवढी जाड अळी शेणखताच्या ढिगात निघाली तर ती बहुधा गेंडा भुंग्याची असते. कुंडीतल्या रोपांना तिचा त्रास नाही, पण तिचा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो. कोकणात किंवा नारळ असलेल्या आवारात ती वेचून नष्ट करावी.

आता खरी हुमणी. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस पडून गेला की अंधार पडताच तिचे भुंगेरे जमिनीतून वर येतात, कडुनिंब-बाभळीवर पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं, आणि मादी पुन्हा मातीत शिरून अंडी घालते. उघडं शेणखत आणि भुसभुशीत कुंडी तिला आवडते. अळी लहान असते तोवर नुकसान दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ती मोठी होते आणि मुळं फस्त करते. तेव्हा रोप भर पावसात कोमेजतं, हलकं ओढलं तरी उपटून हातात येतं, आणि खाली पांढरी तंतुमुळं उरलेलीच नसतात. ही खूण दिसली तर हुमणीचा संशय घ्या. मुळं शाबूत असतील तर कारण दुसरं आहे, बहुतेक वेळा तुंबलेलं पाणी.

मेटारायझियम आम्ही विकतो आणि त्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. ही बुरशी आहे. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1879 मध्येच गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर तिचा अभ्यास केला होता. तिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, रुजतात आणि आत शिरतात. अळी मरून कडक होते, वर आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी दिसते. या सगळ्याला दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. भर दुपारी, कोरड्या मातीवर ओतून तिसऱ्या दिवशी "गुण आला नाही" म्हणून फोन केलात तर आम्हाला काही करता येत नाही, कारण ऊन बीजाणूंना मारतं आणि कोरड्या मातीत ते रुजत नाहीत. संध्याकाळी आधी कुंडी भिजवा, मग पुड्यावरच्या प्रमाणात मिसळलेलं पाणी मुळांपर्यंत जाईल असं द्या आणि वर पाचोळ्याचं आच्छादन घाला. त्याच आठवड्यात कुठलंही बुरशीनाशक वापरू नका. हे औषध जून ते ऑगस्टमध्ये, अळी लहान असताना द्यावं. ऑक्टोबरात जाड अळीसाठी पुडा मागितलात तर आम्ही तुम्हाला विकत घेऊ नका असंच सांगू. कुंडी जुन्या चादरीवर पालथी करा आणि हाताने वेचा. माती थोडा वेळ पसरून ठेवली तर साळुंक्या उरलेलं काम करतात.

फोरेट, म्हणजे दुकानात अजूनही लोक 'थिमेट' म्हणून मागतात ते दाणेदार विष, आम्ही ठेवत नाही. 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर देशात बंदी आहे, आणि घरात लहान मुलं, मांजरं असताना ते कुंडीत घालण्याचा विचारही नको. कोणी जुना साठा देत असेल तर घेऊ नका.

आमच्या खताबद्दल थोडं. ते आम्ही भाजत नाही, त्यावर काही फवारतही नाही, त्यामुळे त्यात जीव असणारच. गांडुळांना दिलेलं शेण पूर्ण कुजलेलं असतं आणि खत चाळून भरतो. मोठी अळी चाळणीत अडकते, पण एखादं अंडं निसटू शकतं हे आम्ही नाकारत नाही. मात्र बहुतेक हुमणी येते ती स्वस्तात मिळालेल्या कच्च्या शेणखतातून. शेणाचा वास येत असेल, गवताच्या काड्या ओळखू येत असतील, हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ते खत कुंडीत घालू नका, अजून काही महिने कुजू द्या. आमचं खत त्यापेक्षा महाग पडतं ते याच वेळेपायी.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. मातीवर उडणारी काळी बारीक चिलटं म्हणजे पाणी जास्त होतंय. वरची इंचभर माती सुकू द्या, पिवळा चिकट कागद लावा. वांगी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. त्या कुंडीत पुढच्या वेळी झेंडू लावा, आणि एप्रिल-मेमध्ये ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक पसरून चार-सहा आठवडे तापू द्या. मेथी-घेवड्याच्या मुळांवरच्या सहज सुटणाऱ्या गाठी मात्र रोपाला नत्र पुरवणाऱ्या आहेत, त्यांना हात लावू नका.

निंबोळी पेंड मात्र अळी दिसो न दिसो, पावसाआधी प्रत्येक बारा इंची कुंडीत मूठभर मिसळून ठेवावी. चार-सहा दिवस वास येतो आणि वर पांढरी बुरशी दिसते, दोन्ही आपोआप जातं. आमच्याकडे दळलेली आणि जाडसर अशी दोन्ही मिळते. कुंडीसाठी जाडसर घ्या, ती सावकाश कुजते.

शंका असेल तर रविवारी सकाळी मुळासकट रोप, न धुता, मातीसह पिशवीत घेऊन या. अळी वेगळ्या डब्यात थोड्या मातीत ठेवा, म्हणजे ती जिवंत पोचेल. पाहून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.