चर्चात्मक पॉडकास्ट (सातारा–सांगली परिसर)

चर्चात्मक पॉडकास्ट : चालू राजकारण, अर्थकारण, इतिहास आणि ग्रंथ या विषयांवरचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते आंतरजालावरून भागाभागाने श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचा प्रकार. एकाचे विवेचन, दोघांचा संवाद आणि तिघाचौघांची चर्चा ही त्याची नेहमीची रूपे. कथाकथन, संगीत व बोलती पुस्तके यांचा विचार येथे केलेला नाही.

संज्ञा व उगम : ॲपल कंपनीच्या ‘आयपॉड’ या यंत्राचे नाव आणि प्रसारण या अर्थाचा ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द यांच्या जोडातून ही संज्ञा बनली. ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी १२ फेब्रुवारी २००४ रोजी ‘द गार्डियन’मधील लेखात ती वापरली, असे सामान्यतः मानतात. त्या लेखात ती तीन पर्यायी नावांपैकी एक म्हणून, प्रश्नचिन्हासह आली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात डॅनी ग्रेगॉयर यांनी तिचा वापर केला आणि तेव्हापासून ती रूढ झाली. त्यामुळे शब्दाचे जनकत्व कोणाकडे द्यायचे, हे पहिला छापील उल्लेख महत्त्वाचा मानायचा की प्रत्यक्ष प्रचार, यावर ठरते. २००५ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी नाव टिकले. मराठीत ‘ध्वनिमालिका’सारखे प्रतिशब्द करता येतात, पण बोलण्यात ‘पॉडकास्ट’ आणि ‘एपिसोड’ हेच शब्द रुळले आहेत.

शब्दापेक्षा प्रकाराच्या उगमाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. एका मतानुसार त्याचा आरंभ तंत्रात आहे. डेव्ह वायनर यांनी आरएसएस या सूचीपद्धतीत ध्वनिफीत जोडण्याची सोय केली आणि ११ जानेवारी २००१ रोजी एक गाणे जोडून ती चालते हे दाखवले. अशी जोडणी असावी ही सूचना त्याआधी ट्रिस्टन लुई यांनी केली होती. दुसरे मत ॲडम करी यांना श्रेय देते, कारण सूचीतील नवी फीत आपोआप यंत्रात उतरवून घेण्याची वाट त्यांनी २००४ मध्ये लोकप्रिय केली. तिसऱ्या मतानुसार, ख्रिस्तोफर लायडन या रेडिओ-पत्रकाराने हार्वर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्रात २००३ च्या जुलैपासून घेतलेल्या मुलाखती हा खरा प्रारंभ होय. चर्चात्मक पॉडकास्टपुरते बोलायचे तर हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गाणे जोडले गेल्याने वाहिनी सिद्ध झाली. पण सावकाश, जाहिरातीच्या घड्याळाविना चालणारी राजकीय व वाङ्मयीन बातचीत हा प्रकार लायडन यांच्या मुलाखतींतच प्रथम ओळखू येतो. २८ जून २००५ रोजी ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि प्रसार वेगाने वाढला.

तंत्र : आरएसएस ही भागांची सतत अद्ययावत होणारी यादी असते. प्रत्येक नोंदीत शीर्षक, दिनांक आणि ध्वनिफितीचा पत्ता असतो. श्रोत्याचे ॲप ही यादी तपासून नवा भाग मिळवते. म्हणजे प्रसारक लहरी सोडत नाही, श्रोताच फीत ओढून घेतो. या कसोटीवर केवळ यूट्यूबवर असलेली चित्रित मुलाखत काटेकोर अर्थाने पॉडकास्ट ठरत नाही. व्यवहारात मात्र मराठी श्रोते दोहोंना एकच नाव देतात, आणि तंत्राचा आग्रह धरून हा वापर चुकीचा ठरवणे योग्य नव्हे.

भाषणासाठी एकपदरी (मोनो) ध्वनिमुद्रण सेकंदाला ६४ किलोबिट या दराने पुरेसे होते; तासाभराची फीत सुमारे २९ मेगाबाइट भरते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हा भार नगण्य ठरला. कोयनेच्या खोऱ्यासारख्या, रेंज सलग न मिळणाऱ्या भागात आधी उतरवून ठेवलेली फीत ऐकता येते, हा या तंत्राचा दुर्लक्षित गुण आहे.

नभोवाणीचे बंधन : या भागात बोलक्या माध्यमाची सवय जुनी आहे. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून चालू आहे. माण तालुक्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक केंद्र २००८ पासून चालते, तर जत तालुक्यातील जालिहाळहून ‘येरळावाणी’ ऐकू येते. शेती, आरोग्य, बायकांचे प्रश्न आणि लोकगीते यांना या केंद्रांनी जे स्थान दिले ते मोलाचे आहे. तथापि सामुदायिक केंद्रांना (धोरण २००६) आणि खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या व चालू घडामोडींवरील चर्चा प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे पुन्हा ऐकवण्याचीच मुभा आहे. वस्तुतः प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच स्पष्ट केले होते. ऊसदरावर किंवा नगरपालिकेच्या ठरावावर गावच्या लहरींतून बोलता येऊ नये, ही उणीव गंभीर आहे. पॉडकास्टला लहरींचा परवाना लागत नाही. मात्र बातम्या व चालू घडामोडींच्या डिजिटल प्रकाशकांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू आहेत.

स्थानिक पूर्वपरंपरा : या परिसरातील श्रोता तयार झाला तो व्याख्यानमालांत. वाईची वसंत व्याख्यानमाला, पलूस तालुक्यातील औदुंबरचे संक्रांतीला भरणारे साहित्यसंमेलन, मराठी विश्वकोशाचे वाई येथील कार्यालय आणि वाईहूनच निघणारे ‘नवभारत’ मासिक यांनी लांब, युक्तिवादाचे बोलणे ऐकण्याची व वाचण्याची सवय लावली. २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झालेले भिलार सातारा जिल्ह्यातच आहे. आज तोच श्रोता खंबाटकी घाट ओलांडत पुण्याला जाताना कानात चर्चा ऐकतो. व्याख्यानानंतर उभे राहून प्रश्न विचारण्याची जागा मात्र या माध्यमात नाही, आणि ती उणीव अभिप्रायांनी भरून निघत नाही.

विषय : अर्थकारणात ऊस अटळ आहे. २०२५–२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) १०.२५ टक्के साखर-उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ती चौदा दिवसांत द्यायची असते. तोडणी-वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती काय पडते, हे तासभर शांतपणे उलगडणे वर्तमानपत्री बातमीला जमत नाही. राजकारणात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची हे नित्याचे विषय. येथे ध्वनिमाध्यमाची मर्यादा दिसते. ५१९.६० मीटर आणि ५२४.२५६ मीटर हे अलमट्टीच्या सध्याच्या व प्रस्तावित पातळीचे आकडे कानात टिकत नाहीत. सांगलीकर पूर मोजतो तो कृष्णेवरील आयर्विन पुलाच्या फुटांत : ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ मध्ये ५७ च्या वर. जाणता निवेदक याच फुटांत बोलतो.

इतिहासात १९४३–४६ चे, ब्रिटिश सत्तेला समांतर असे प्रतिसरकार अग्रभागी येते. ‘पत्री सरकार’ हे नाव ‘प्रतिसरकार’चा अपभ्रंश की तळपायांवर पत्री मारण्याच्या शिक्षेवरून पडलेले, याबद्दल मतभेद आहेत. दुसरी उपपत्ती लोकांत अधिक प्रचलित असली, तरी दोन्हींचा एकमेकांवर परिणाम झाला असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता, हे अनेक चर्चांत सुटते. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९७६ मध्ये गेले. कुंडलच्या तुफान सेनेतील, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलातील, माणसेही आता फारशी राहिलेली नाहीत. त्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजाचे मोल म्हणूनच फार आहे.

ग्रंथचर्चेत प्रताधिकाराचे भान लागते. १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये वारले, त्यांचे निबंध कोणीही वाचून दाखवावेत; आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचे हक्क २०३७ अखेरपर्यंत आहेत. समीक्षेसाठी थोडका उतारा देण्यास हरकत नसते.

जतन : ध्वनिफीत ज्या संगणकावर ठेवली जाते त्याचे शुल्क थांबले की ती नाहीशी होते. २०१९ च्या महापुरात सांगली नगरवाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली, पण त्यांतील अनेकांच्या प्रती अन्यत्र होत्या. छापील पुस्तके व वृत्तपत्रे १९५४ च्या कायद्यानुसार ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवावी लागतात. ध्वनिफितींचा त्या कायद्यात समावेश नाही.