लूम

लूम : कापड विणण्याच्या मागासाठीचा इंग्रजी शब्द. सोलापुरात तो ‘पॉवरलूम’ या जोडशब्दातून रुळला आणि पुढे नुसता ‘लूम’ म्हणूनही चालू लागला. लेखी मराठीत त्याच यंत्राला यंत्रमाग म्हणतात. इंग्रजीत मात्र या एकाच स्पेलिंगखाली किमान तीन निरनिराळे शब्द आले आहेत. त्यांचा परस्परांशी संबंध असल्याचा पुरावा नाही.

विणकामाच्या अर्थाचा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘गेलोमा’पासून आला. त्याचा मूळ अर्थ कोणतेही हत्यार, अवजार किंवा भांडे असा होता. कापडाशी त्याचा खास संबंध नव्हता. ‘गे’ हा उपसर्ग गळून पडला आणि ‘लोम’ उरले. पुढे इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार बदलले तेव्हा ‘लोम’चे ‘लूम’ झाले. ‘टूल’ आणि ‘मून’ या शब्दांतही हाच बदल दिसतो. ‘लोमा’ या अंशाचे मूळ ठरलेले नाही. संस्कृत ‘लोम’ (केस) आणि लोकरीचा धागा यांची सांगड घालणे आकर्षक असले, तरी ते निव्वळ ध्वनिसाम्य होय. ‘अवजार’ हा अर्थ आकुंचित होऊन ‘विणण्याचे अवजार’ असा झाला तो साधारणपणे १४०० च्या सुमारास. मराठी घरांत ‘मशीन’ म्हटले की बहुधा शिलाईचे यंत्र समजले जाते, तसाच हा प्रकार असावा. जुना व्यापक अर्थ ‘एअरलूम’ (heirloom) या शब्दात टिकून आहे. त्याचा अर्थ वारसाने आलेली वस्तू. ‘वडिलोपार्जित माग’ हा त्याचा अनेकदा केला जाणारा विग्रह चुकीचा आहे; विणकराच्या घरी तो योगायोगाने खरा ठरतो, इतकेच. शेतीत हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या देशी वाणांना लावतात.

‘माग’ या मराठी शब्दाची व्युत्पत्ती अधिक गुंतागुंतीची आहे. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा शेजारी नांदत असल्याने ती इथे विशेष लक्षात येते. मागाला कन्नडमध्ये ‘मग्ग’ आणि तेलुगूत ‘मग्गम्’ म्हणतात. दुसरीकडे संस्कृत ‘मार्ग’चे प्राकृतात ‘मग्ग’ आणि मराठीत ‘माग’ (पाऊलखुणा, ‘माग काढणे’, ‘मागोवा’) झाले. जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ होणे, ही मराठीची नेहमीची वाट. म्हणजे कन्नड ‘मग्ग’ आणि प्राकृत ‘मग्ग’ दोन्ही याच साच्यातून गेले असते, तरी हाती ‘माग’च आला असता. त्यामुळे केवळ ध्वनिनियमांवरून निवाडा होत नाही. अर्थाकडे पाहावे लागते. धोटा (आडवा धागा वाहून नेणारे मागाचे साधन) इकडून तिकडे एका वाटेने धावतो, म्हणून ‘मार्ग’, असे म्हणता येईल. पण असा अर्थविकास ओढूनताणून आणलेला वाटतो. शेजारच्या दोन द्राविडी भाषांत नेमका त्याच वस्तूचा वाचक शब्द असताना तिथूनच तो मराठीत आला असावा, हे अधिक संभवनीय. मात्र तो आताच्या सोलापूरच्या विणकरांबरोबर आला असे समजू नये. शहरातील पद्मशाली विणकरांचा मोठा भाग तेलंगणातून आलेला आहे, पण ‘माग’ सबंध महाराष्ट्रात रूढ आहे.

कापडगिरण्यांत आणखी एक शब्द होता. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बोलीत लूमला ‘साचा’ आणि विणाई विभागाला ‘साचेखाते’ म्हणत. सोलापुरात १८७७ च्या सुमारास सुरू झालेली, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी ही येथील गिरणी उद्योगाची सुरुवात मानली जाते. यांत्रिक लूमचे पहिले पेटंट एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये घेतले. त्याआधी १७३३ मध्ये जॉन के याने दोरीने झटका देऊन पळवायचा धोटा काढला होता. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जकार्ड यंत्रणेने उठते, ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरील छिद्रांनुसार ताण्याचे (उभे) कोणते धागे उचलले जावेत, हे तीत ठरते.

दुसरा शब्द क्रियापद आहे : धूसर, पण अवाढव्य रूपात समोर येणे. इंग्रजी बातम्यांत संकट ‘लूम’ होते ते हेच. मराठीत अशा वेळी ‘सावट’ हा शब्द चपखल बसतो. इंग्रजीत हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आढळते. त्याचे मूळ स्कँडिनेव्हियन किंवा लो जर्मन (उत्तर जर्मनीकडील) बोलींत असावे. ‘हळूहळू हलणे’ या अर्थाची तिथली क्रियापदे त्याला आधार म्हणून दाखवतात. हे अनुमान ग्राह्य धरायला हरकत नाही, मात्र दुवे विरळ आहेत. दीपगृहाचा दिवा क्षितिजाखाली असतानाही आकाशात दिसणाऱ्या त्याच्या उजेडाला नाविक ‘लूम’ म्हणतात.

तिसरा ‘लूम’ हा उत्तरेकडील समुद्रपक्ष्यांचा वाचक, जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातील प्राचीन भाषा) ‘लोम्र’पासूनचा. वल्ह्याच्या दांड्यालाही ‘लूम’ म्हणतात. तो बहुधा पहिल्याच शब्दाचा, अवजार या अर्थाचा अवशेष. मोटारीतील एकत्र बांधलेल्या तारांचा जुडगा हाही इंग्रजीत ‘लूम’च.